स्कॉटलंडकडून येडू धनगर

येडू धनगर आयुष्यात एकदाच कुठल्या तरी देशाकडून खेळला, आणि तो देश निघाला स्कॉटलंड. पुढं त्याच्या गावच्या पारावर ही गोष्ट गेली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न केला, "कुटल्या तालुक्यात येतंय त्ये?" येडू ज्या देशाकडून खेळला तो त्यानं पाहिलेला नव्हता. पण ज्यांनी पाहिला होता, त्यांच्यातल्या एकालाही त्या दिवशी जे जमलं नाही ते येडूनं केलं, एवढं मात्र खरं.

सांगोल्याच्या पलीकडं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो. तिथल्या माळावर येडू जन्मला. मोठ्या दुष्काळाच्या मागल्या साली, असं त्याची आई सांगे. बाप गेल्यावर सव्वाशे मेंढरं, एक घोडं आणि दोन कुत्री येडू आणि त्याचा धाकटा भाऊ धुळा यांच्या वाट्याला आली. येडूची बायको मायाक्का अंगानं बारीक आणि जिभेनं जाड होती. येडू स्वतः लांब हाडाचा. बोलायचा कमी, चालायचा फार. दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन बाहेर पडायची, गावोगावच्या शेतात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायची. मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंडीमुताचं खत होतं. शेतकरी त्याबद्दल दाणे देतो. दोघांचंही भागतं.

सत्तावीस सालच्या वैशाखात ही माणसं सोलापूरच्या शिवेवर उतरली होती. तिथं त्यांना महादेवप्पा येऊन भेटला. महादेवप्पा एका कापडगिरणीत टाइमकीपर होता. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि खिशात गिरणीचं घड्याळ. घरी कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत इंग्रजी बोलायचा. तिन्ही भाषा सारख्याच घाईनं.

"गिरणीच्या मागं साहेबांचं मैदान हाय," तो म्हणाला. "तिथं दहा दिवस मेंढरं बसवायची."

"काय पेरनार सायेब?" येडूनं विचारलं.

"काही नाही."

"मंग खत कशापायी?"

"गवत पायजे त्यांना."

"जनावरं किती हायती सायबाकडं?"

"एक घोडा."

"एक घोडं एवढं गवत खानार?"

"खायचं नाही की," महादेवप्पा म्हणाला. "त्याच्यावर पडायचं असतंय."

येडूनं मायाक्काकडं पाहिलं. मायाक्कानं तोंडाला पदर लावला. पण दाणे चांगले मिळणार होते. ज्याला गवतावर पडायचं असेल त्यानं पडावं, असं ठरवून येडूनं मेंढरं बसवली.

गिरणीत दोन गोरे साहेब मोठे होते. सूत काढायच्या खात्यावर होल्डन नावाचा इंग्रज. कामगार त्याला हळदे साहेब म्हणत. विणायच्या खात्यावर मॅकइनिस नावाचा स्कॉटलंडचा माणूस, त्याचा झाला होता माकणीस साहेब. कापड खराब निघालं की माकणीस म्हणायचा सूत वाईट, आणि हळदे म्हणायचा माग चालवणारा वाईट. आठ वर्षं हे चाललं होतं. महादेवप्पानं त्यातून एकच गोष्ट ताडली होती, की भांडण सुताचं नव्हतंच. ते दोघं दोन वेगळ्या देशांचे होते, आणि सोलापुरात मात्र सगळे त्यांना एकच समजत होते. याचाच दोघांना राग.

त्या देशांत एक खेळ होता, रग्बी नावाचा. पंधरा माणसं इकडं, पंधरा तिकडं, आणि मध्ये कोहळ्यासारखा लांबोडका चामड्याचा चेंडू. इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन देशांची त्यावरून दरवर्षी झुंज लागायची. त्या वर्षी स्कॉटलंड जिंकलं. मुंबईच्या इंग्रजी पेपरात ते छापून आलं तो पेपर माकणीसनं जपून ठेवला, आणि हळदे क्लबात आला की तो रोज वाचायला घ्यायचा. महिनाभरानं हळदेच्या सहनशीलतेचा सुतासारखा तुकडा पडला. तो म्हणाला, हे मैदान आहे, पावसानं माती मऊ होईल, आपण इथंच खेळू. इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. सोलापुरात.

म्हणून खत. म्हणूनच पाऊस पडून मैदान हिरवंगार झाल्यावर माकणीसनं येडूला तीस मेंढरं घेऊन थांबवून ठेवलं, गवत सारखं कातरलेलं राहावं म्हणून. बाकीची घेऊन धुळा गावाकडं गेला.

आता अडचण माणसांची होती. सोलापुरात गोरे होते किती! दोघांनी रेल्वे धुंडाळली. वाडीपासून कुर्डुवाडीपर्यंतचे ड्रायव्हर, गार्ड, इंजिनिअर गोळा केले. चार आज्यांपैकी एक जरी त्या देशाचा असला तरी माणूस त्या देशाचा धरायचा, असा ठराव झाला. आई आणि बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा त्यात आले. ज्या अँग्लो-इंडियन गार्डाला क्लबच्या व्हरांड्यात कुणी खुर्ची देत नसे, त्याच्या घरी दोन्ही साहेब त्याच्या आजोबाची चौकशी करायला स्वतः गेले. गार्डानं चहा दिला आणि फोटो काढून दाखवला. आजोबा इंग्लंडचा निघाला. हळदेनं गार्डाला मिठी मारली. पाव भाजणाऱ्या एका गोवेकराचं आडनाव तपासून पाहिलं, त्यात काही इंग्रजी नव्हतं. पण त्याचे खांदे पाहून हळदे म्हणाला, याची आजी इंग्लंडची असली पाहिजे. माकणीसनं हरकत घेतली नाही. त्यानंही एका अमेरिकन मिशन मास्तराला स्कॉटलंडचा करून घेतलं होतं. पंच म्हणून रेल्वेचा डॉक्टर ओब्रायन नेमला. तो आयर्लंडचा होता, आणि त्याला दोन्ही देश सारखेच नावडते होते, त्यामुळं त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस मिळाला नसता.

भाद्रपदातला शनिवार ठरला. दुपारी गिरणी सुटली तसे कामगार मैदानाकडं लोटले. तेलुगू बोलणारे साळी होते, दखनीत थट्टा करणारे जॉबर, म्हणजे मुकादम होते, शेंगा विकणाऱ्या बायका होत्या. साहेब एकमेकांना मारणार आहेत, अशी खबर पसरली होती. एवढी गर्दी एरवी फक्त गड्ड्याच्या जत्रेला व्हायची. चुन्याची फक्की टाकून रेघा आखल्या होत्या. येडूनं मेंढरं मैदानाच्या एका अंगाला वाघरीच्या जाळ्यात कोंडली होती आणि तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

खेळ सुरू व्हायला घटकाभर उरली तेव्हा महादेवप्पा धावत आला.

"येडू, चल. साहेब बोलावतोय."

"मेंढरू शिरलं का मदी?"

"तूच शिरायचंय मदी!"

झालं होतं असं, की स्कॉटलंडच्या पंधराव्या माणसाला, गिरणीच्या हिशेबनिसाला, सकाळीच हुडहुडी भरली होती. चौदांवर खेळा, असं हळदे खुशीत म्हणत होता. माकणीस लाल होऊन चौफेर बघत होता, आणि त्याची नजर येडूवर पडली. खांद्यावर घोंगडं, उघड्या पिंढऱ्या, हातात काठी, मागं मेंढरं. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक; त्याच्याही देशात डोंगरातले मेंढपाळ विजार घालत नसत. त्यानं येडूला हळदेपुढं उभं केलं आणि महादेवप्पाला म्हणाला, विचार.

"तुझा आजा कुठला?" महादेवप्पानं विचारलं.

"डोंगराकडचा की."

"हायलँड्सचा," महादेवप्पानं इंग्रजी केलं.

"काय करत होता?"

"काय करनार? मेंढरं."

"अंगावर काय घालायचा?"

"घोंगडं."

"आणि पायात विजार?"

"इजार?" येडू हसला. "आमच्यात कुनीच घालीत न्हाय."

माकणीसनं हळदेकडं असं पाहिलं, जणू कोर्टात शेवटचा कागद ठेवला. हळदेनं आपल्या बाजूच्या गोवेकराकडं एकवार पाहिलं आणि तोंड मिटलं. डॉक्टरनं यादीत नाव लिहून घेतलं. महादेवप्पानं 'येडू धनगर' सांगितलं, डॉक्टरच्या कानाला जे लागलं ते त्यानं लिहिलं, आणि मागून माकणीसनं त्यात थोडी डागडुजी केली. कागदावर नाव उमटलं ते 'ई. मॅक्डंगर'.

मुंडासं काढायला येडूनं साफ नकार दिला. निळा सदरा मात्र त्यानं घातला. बूट त्याच्या पायाचे नव्हते, आणि त्याचे पाय बुटाचे नव्हते.

"कसं खेळत्यात?" त्यानं विचारलं.

"चेंडू हातात आला की पुढं पळायचं, पलीकडच्या रेघेच्या पार. पण पुढं फेकायचा नाही. फेकलास तर मागंच फेकायचा."

"जायचं फुडं आन् फेकायचं मागं?"

"व्हय."

"ह्ये कुनी ठरिवलं?"

"इंग्रजांनी."

"मग बराबर हाय," येडू म्हणाला आणि आत गेला.

पहिली पंधरा मिनिटं त्याला काहीच उमगलं नाही. मग डॉक्टरनं शिट्टी मारली आणि दोन्हीकडचे आडदांड साहेब कमरेत वाकले, एकमेकांच्या डोक्यांत डोकी खुपसून एकच गठ्ठा होऊन उभे राहिले. येडूच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. उन्हाच्या तडाख्यात मेंढरं अशीच उभी राहतात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली. त्या गठ्ठ्यातून हवं ते मेंढरू कसं काढायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. समोरून कधी जायचं नाही. मागला पाय धरायचा.

तेवढ्यात हळदे साहेब गठ्ठ्यातून चेंडू घेऊन निघाला. सव्वादोनशे रत्तल वजनाचा माणूस. स्कॉटलंडचे दोघे त्याच्या छातीवर आपटून बाजूला पडले. येडू दोन पावलं बाजूनं धावला, खाली वाकला, आणि हळदेचा मागचा पाय घोट्यापाशी धरून नुसता उचलला. हळदे असा आडवा झाला की मैदानाच्या त्या टोकाला धप्प ऐकू आलं.

गोऱ्या साहेबाला धनगरानं पाडलं होतं, भर दिवसा, हजार माणसांदेखत. आता याला फटके बसणार की काय, म्हणून सगळे डोळे लावून राहिले. माकणीस धावत आला आणि त्यानं येडूची पाठ थोपटली. मग जी आरोळी उठली ती गिरणीच्या भोंग्याला भारी होती.

येडूनं हळदेला तीनदा पाडलं. चौथ्यांदा येडू जवळ आलेला पाहून हळदे आपणच पडला.

मग एकदा चेंडू टप्पे खात येडूच्या हातात आला. त्यानं तो नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखा काखेत धरला आणि निघाला. अनवाणी पायानं माळ तुडवणाऱ्या माणसाला पकडणं बुटातल्या माणसांचं काम नव्हतं. तो रेघेच्या पार गेला. आणि गेला तो गेलाच. रेघेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवायचा असतो हे महादेवप्पा सांगायला विसरला होता. मागं वीस साहेब ओरडत धावताहेत, म्हणजे थांबायचं नाही, एवढं येडूला कळत होतं. गर्दी फाकली, येडू तिच्यातून गेला, वाघर ओलांडून मेंढरांत शिरला आणि चेंडू मायाक्काच्या ओटीत टाकून धापा टाकत उभा राहिला.

"ह्ये काय आनलंय?" मायाक्का म्हणाली.

"ठाव न्हाय. धर घट."

मायाक्काकडून चेंडू सोडवायला डॉक्टर ओब्रायनला स्वतः यावं लागलं. गुण मिळाला नाही. महादेवप्पानं कपाळ बडवून घेतलं आणि राहिलेला नियम सांगितला.

शेवटची पाच मिनिटं उरली तरी दोन्हीकडं शून्य होतं. तेव्हा अमेरिकन मास्तरानं पडता पडता चेंडू मागं फेकला तो येडूला मिळाला. या वेळी तो मैदानाच्या कडेकडेनं, चुन्याच्या रेघेला धरून सुटला. हळदे तिरपा आडवा आला, त्यानं धक्का दिला, येडू डगमगला, सावरला, आणि पार जाऊन त्यानं चेंडू दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवला. घट्ट दाबून धरला. मग आजूबाजूला पाहून विचारलं, "आता सोडू का?"

त्याला ट्राय म्हणतात. त्याचे तीन गुण. हळदे ओरडत होता, की याचा पाय कडेच्या रेघेवर पडला, खेळ तिथंच थांबायला हवा होता. माकणीस ओरडत होता, की नाही पडला. डॉक्टर चाळीस पावलं मागं गुडघ्यांवर हात ठेवून श्वास शोधत होता. तो म्हणाला, मी पाहिलं नाही, आणि जे मी पाहिलं नाही ते घडलं नाही. स्कॉटलंड जिंकलं. तीन शून्य. पाय ज्याचा होता त्याला विचारावं, हे तीस जणांत कुणाला सुचलं नाही.

रात्रीचं जेवण क्लबात होतं, दोन्ही देशांना. क्लबात नेटिव्ह माणसाला आत घ्यायचं नाही असा नियम होता. माकणीस भला माणूस, त्याला फार वाईट वाटलं. त्यानं नियम मोडला नाही, पण वाईट मात्र मनापासून वाटून घेतलं. येडूचं ताट स्वयंपाकखोलीमागच्या पायरीवर आलं. तिथं गोवेकर पाववाला आधीच बसलेला होता. मघाशी तो इंग्लंड होता, आता त्याला आतले पाव पुरवायचे होते. आत स्कॉटलंडच्या नावानं पेले उंचावले जात होते, तेव्हा स्कॉटलंड बाहेर बसून बशीतलं मटण हुंगत होतं.

"कशाचं हाय?" येडूनं विचारलं.

"मेंढीचं."

"माजी न्हवं न्हवं?" म्हणत येडू उठला आणि अंधारात जाऊन मेंढरं मोजून आला. तीस भरली, तेव्हा जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदे एकटाच मैदानावर आला. महादेवप्पा बरोबर नव्हता. हळदेनं येडूला कडेच्या रेघेपाशी नेलं. आधी रेघेकडं बोट केलं, मग येडूच्या पायाकडं, आणि भुवया उंचावल्या. येडूला वाटलं, बिचारा विचारतोय, काल माझ्या धक्क्यानं पाय दुखावला का?

"न्हाय, न्हाय," तो हसून म्हणाला. "काय बी न्हाय झालं."

एवढं 'न्हाय' हळदेला समजत होतं. तो ताठ झाला, टोपी घातली आणि निघून गेला. हा माणूस खोटं बोलतो, अशी त्याची त्या दिवसापासून खात्री झाली. येडूची मात्र खात्री झाली, की दोन साहेबांत हा जास्त मायाळू.

मुंबईच्या पेपरात चार ओळी आल्या. त्यात मॅक्डंगरच्या वेगाची तारीफ होती. महिन्याभरानं मुंबईच्या स्कॉटिश मंडळींचं पत्र आलं, की असा खेळाडू सोलापुरासारख्या ठिकाणी कुजवू नये, मिस्टर मॅक्डंगर यांना आमच्याकडं खेळायला पाठवावं, उतरायची सोय आमच्यातल्याच एका बंगल्यात होईल. माकणीसनं ते पत्र तीनदा वाचलं. मग महादेवप्पाला बोलावून उत्तर टाइप करायला सांगितलं: मिस्टर मॅक्डंगर सध्या आपली मेंढरं घेऊन डोंगराकडं गेले आहेत, पत्ता ठेवलेला नाही. महादेवप्पा पुढं सांगायचा, की गिरणीच्या कचेरीतून इतकं खरं पत्र त्यानं आयुष्यात दुसरं टाइप केलं नाही.

क्लबच्या दिवाणखान्यात काळ्या लाकडाची एक पाटी लागली. वर 'तीन शून्य' आणि खाली स्कॉटलंडच्या पंधरा जणांची नावं, सोनेरी अक्षरांत. येडूला दारातून आत पाऊल टाकता येत नव्हतं, पण त्याचं नाव आत भिंतीवर जाऊन बसलं. पुढल्या वर्षी सामना झाला तेव्हा आज्यांचा नियम कडक केला होता, आणि येडूला फक्त गवतासाठी बोलावलं.

इकडं सोलापुरात ही गोष्ट वेगळ्या वाटेनं वाढत होती. विणकरांच्या आळीत एक साहेब पडला होता त्याचे तीन झाले. बाजारात पाच झाले. तीस साली देशभर चळवळ पेटली, तेव्हा एका सभेत कुणी तरी ठासून सांगितलं, की आपल्या मातीतल्या एका मेंढपाळानं भर मैदानात सात गोऱ्यांना लोळवलं! टाळ्या पडल्या. येडू तिथून आठ कोसांवर मेंढरं चारत होता.

त्या वैशाखात सोलापुरात जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गोळ्या चालल्या, माणसं गेली. लष्कर आलं, डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी माणसाला धरत होते. अशात एका फौजदारानं सभेतल्या भाषणांचे कागद चाळले, आणि त्याच्या हाती सात साहेबांना पाडणारा मेंढपाळ लागला. येडू नेहमीसारखा मैदानावर मेंढरं बसवायला येतच होता. त्याला वेशीवरच धरलं. हातातली काठी पुरावा म्हणून जप्त झाली.

धुळा गावाकडं होता. मायाक्का मेंढरं वाऱ्यावर सोडून गिरणीच्या फाटकावर जाऊन उभी राहिली आणि महादेवप्पाला बोलावून घेतलं.

"आप्पा, तुमीच त्येला मदी घातलाव. आता तुमीच भाईर काडा."

महादेवप्पा त्या काळात सावलीलाही घाबरत होता. पण मायाक्काच्या आवाजाला तो त्याहून घाबरला. तो दोन्ही साहेबांकडं गेला, आणि चौथ्या दिवशी सगळे एका बंगल्याच्या पडवीत, लष्कराच्या एका तरुण इंग्रज अधिकाऱ्यापुढं उभे राहिले. महादेवप्पा दुभाषा.

"तू या साहेबांचा पाय धरून त्यांना खाली पाडलंस?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"व्हय," येडू म्हणाला.

"किती वेळा?"

"तीनदा. चवथ्यांदा त्येच पडले."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

येडूनं माकणीसकडं बोट केलं. फौजदाराला कट उघडकीस आल्याचा आनंद लपवता येईना.

आता हळदे पुढं झाला. तो म्हणाला, हा हल्ला नव्हता, सामना होता, आणि या माणसानं मला नियमानं पाडलं. अधिकाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. कसला सामना? रग्बी? तो स्वतः शाळेत खेळलेला होता. कोण विरुद्ध कोण? आणि गुण किती झाले?

"तीन शून्य, स्कॉटलंड," माकणीस म्हणाला.

"शून्य शून्य," हळदे म्हणाला. "पाय रेघेवर होता."

"नव्हता!"

"होता! आणि मी याला दुसऱ्या दिवशी विचारलं, तर हा तोंडावर नाही म्हणाला. माझी तक्रार असलीच तर तेवढी आहे."

त्यानंतर कैदी कोण आणि साक्षीदार कोण हेच कळेना. अधिकाऱ्यानं कागदावर मैदान काढलं. हळदेनं त्यावर रेघ दाखवली, माकणीसनं ती खोडली. फौजदार पेन्सिल हातात घेऊन अवघडला. त्याच्या अहवालातले सात साहेब या दोघांत कुठं बसवावेत ते त्याला उमजत नव्हतं. बाहेर बंदुकवाले शिपाई उभे होते, सगळं गाव दारं लावून बसलं होतं, आणि आत साम्राज्याचे तीन साहेब तीन वर्षांपूर्वीच्या पायाच्या एका अंगठ्यावरून घसा बसवत होते.

शेवटी अधिकारी म्हणाला, "मग त्यालाच विचारा ना!"

महादेवप्पानं विचारलं. विचारता विचारता हळू आवाजात हेही म्हणाला, "बघून बोल, येडू. माकणीस साहेब तुला सोडवायला आलाय."

येडूनं विचार केला. माकणीसनं पाठ थोपटली होती, सदरा दिला होता. पण प्रश्न सरळ होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणी तरी तो विचारत होतं.

"बिरोबाची आण," तो म्हणाला. "पडला व्हता की. अंगठ्याला चुना लागला व्हता. सांजच्याला धुतला म्या."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कुनी?"

"हळदे साहेब म्हणतात, त्यांनी विचारलं."

येडू हळदेकडं वळला. "मला वाटलं, दुखलं का म्हून इचारत्यात."

महादेवप्पानं इंग्रजी केलं. हळदेचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. तीन वर्षं ज्याला तो खोटारडा म्हणत आला, त्याच्यापुढं त्यानं टोपी काढली. निकाल होईपर्यंत तो ती टोपी तशीच हातात धरून उभा राहिला.

अधिकाऱ्यानं निकाल लिहिला: आरोपीनं कुठलाही गुन्हा केलेला नाही, त्याला सोडून द्यावं. आणि खाली, कुणी मागितलं नसताना, आणखी एक ओळ: ट्राय नामंजूर. काठी परत मिळाली.

माकणीस पायऱ्या उतरताना थांबला. महादेवप्पाला म्हणाला, "त्याला सांग, स्कॉटलंडचा माणूस असं कधी करत नाही."

"काय म्हनत्यात?" येडूनं विचारलं.

"म्हणतात, घरी जा," महादेवप्पा म्हणाला.

क्लबातल्या पाटीवर माकणीसनं स्वतःच्या हातानं आकडे बदलले. शब्दाचा पक्का माणूस. पण आता मॅक्डंगर हा स्कॉटलंडचा होता की नाही याचा त्याला नव्यानं संशय आला, आणि ते नावही खरडून निघालं. मैदानासाठी मेंढरं नकोत असा निरोप आला. हळदेनं मात्र त्या दिवशी पडवीतून निघण्याआधी येडूला गाठून त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला. येडूनं हलवू दिला. साहेब मायाळू आहे, हे त्याचं मत आणखी पक्कं झालं.

मायाक्का बंगल्याच्या फाटकापाशी उभी होती.

"काय झालं?"

"सोडलं."

"काय म्हनाले?"

"रेगंवर पाय पडला व्हता म्हनाले."

"कुनाचा?"

"माजा."

"पडला व्हता का?"

"व्हय."

"मंग सोडलं कसं?"

येडूनं परत मिळालेली काठी खांद्याला लावली आणि तो मेंढरं हुडकायला निघाला. विखुरलेली मेंढरं गोळा करण्यात त्यांचे दोन दिवस गेले. तीन सापडली नाहीत. सोलापुरातल्या त्या आठवड्यात तीन मेंढरांची दाद मागावी असं कुणी नव्हतं.

मैदानाचे दाणे बुडाले होते, म्हणून गावाकडं वळण्याआधी त्यांनी अक्कलकोटच्या वाटेला मेंढरं लावली. दोन मुक्कामांनंतर शिवलिंगप्पा नावाच्या एका शेतकऱ्यानं त्यांना हाक मारून आपल्या रानात उतरवलं. पाऊस जवळ आला होता, त्याला खताची घाई होती. कानडी वळणाच्या मराठीत त्यानं दाण्यांची बोली केली, पाण्याची विहीर दाखवली, आणि बांधावर बसून तंबाखू पुढं केली.

"सोलापूरकडनं आलाव म्हणा की," तो म्हणाला. "तिकडं लई गडबड झाली म्हणत्यात. तुमी काय करत होता तिथं?"

येडूनं तंबाखूची चिमूट तळहातावर घेतली. मायाक्का चुलीसाठी दगड मांडता मांडता थांबली आणि नवऱ्याकडं बघू लागली.

"मेंढरं राखत व्हतो," येडू म्हणाला.